इंचात विचारा

मागच्या महिन्यात या पानावर मी जहाजाच्या प्रवासाचा ओझरता उल्लेख केला आणि त्यावर बरीच पत्रं आली. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता: जहाजावर सगळं ठीक असतं हो, पण बंदर आल्यावर खुर्चीसकट खाली कसं उतरायचं आणि फिरायचं कुठे? त्यांतली चार पत्रं इथे घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की वर्धा रोडवरच्या अपघातात माझा मणका गेला त्याला सत्तावीस वर्षं झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. बँकेची नोकरी खुर्चीतूनच पुरी केली आणि आजवर चार वेळा जहाजाने फिरून आले. खाली लिहिलंय ते थोडं त्या फेऱ्यांत शिकलेलं आहे, आणि थोडं माझ्यासारख्या खुर्चीवरच्या मित्रमैत्रिणींनी शिकवलेलं.

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांना (वय ६१) दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. डावी बाजू कमजोर आहे. आधार दिला की उभे राहतात, दोन-तीन पायऱ्या चढतात, पण दहा पावलांपुढे व्हीलचेअरच लागते. मुलाने आणि सुनेने जानेवारीत सिंगापूरहून क्रूझ बुक केली आहे; पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. खोली साधीच घेतली आहे. एजंट म्हणतो, "काकू, टेन्शन काहून घेता, सगळीकडे व्हीलचेअर चालते. सहली बोटीवर गेल्यावर घ्या." आणि हे म्हणतात, "तुम्ही तिघं उतरा, मी बोटीवरच बसतो." यांना सोडून मला उतरायचं नाही. काय करू? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, "सगळीकडे व्हीलचेअर चालते" या वाक्यावर विसंबून २०१७ साली मी एक अख्खा दिवस गमावला आहे. जहाज मलेशियात पोर्ट क्लांगला लागलं होतं. तिथून क्वालालंपूरची सहल होती आणि सहलीच्या कागदावर खुर्चीचं चित्र छापलेलं होतं. धक्क्यावर बस उभी होती, तिला चार उंच पायऱ्या. दोन माणसांनी मला उचलून आत नेलं. त्यात माझा उजवा पाय दाराच्या दांडीला घासला, आणि मला ते रात्री मोजा काढताना रक्त दिसलं तेव्हा कळलं. बस बाटू केव्ह्‌जला गेली. तिथे मुरुगन स्वामींची १४० फुटी सोनेरी मूर्ती आहे आणि तिच्या बाजूने गुहेकडे जायला २७२ पायऱ्या. सगळे वर गेले. मी आणि माझी बहीण खाली कबुतरांमध्ये बसून राहिलो. सहल विकणारा माणूस खोटं बोलला नव्हता. खुर्ची बसच्या डिकीत मावली, वाहनतळावरही चालली. मी विचारलं होतं "व्हीलचेअर चालते का?", आणि त्याने खुर्चीबद्दल उत्तर दिलं. खुर्चीतल्या माणसाबद्दल मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून तो प्रश्न मी सोडून दिला. आता इंचात आणि आकड्यात विचारते, आणि उत्तर लेखी मागते. बसला पायऱ्या किती, एकेक पायरी किती उंच? उचलणारी लिफ्ट असेल तर ती किती किलो पेलते? बसमधून उतरल्यावर किती मीटर जायचं, आणि खाली काय आहे, डांबर, फरशी, वाळू की लाकडी फळ्या? वाटेत चढ आहे का? स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती इंच, आणि तिथपर्यंत पायरी आहे का? उतरल्यावर आत जाण्याआधी किती वेळ उन्हात थांबायचं? ज्याला हे माहीत नसेल तो "विचारून सांगतो" म्हणेल. अशा माणसावर माझा विश्वास बसतो. जो न विचारताच "हो हो, सगळं आहे" म्हणतो त्याच्याकडून मी सहल घेत नाही. आणि हे जहाजावर गेल्यावर करायचं काम नव्हे. लिफ्टची बस मोजक्या बंदरांत मिळते आणि ती आधी सांगून ठेवावी लागते. जवळजवळ प्रत्येक क्रूझ कंपनीकडे विशेष गरजा असलेल्या प्रवाशांसाठी वेगळा फॉर्म आणि वेगळा विभाग असतो. एजंटला म्हणा, तो फॉर्म या आठवड्यात भरायचा आहे.

आता टेप घ्या. तुमच्या खुर्चीची रुंदी मोजा. सीटची नव्हे, हाताने ढकलायच्या कड्यांसकट पुरी रुंदी. अठरा इंच सीटची घडीची खुर्ची एकूण पंचवीस-सव्वीस इंच भरते. साध्या खोलीचं दार साधारण बावीस-तेवीस इंचांचं असतं. म्हणजे यांना दारात उभं राहून आत चार पावलं टाकावी लागतील आणि खुर्ची घडी करून मागून येईल. न्हाणीघरालाही उंबरठा असतो. यांना हे जमेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं, पण सहा रात्री, अर्ध्या झोपेत, जहाज हलत असताना जमेल का ते तुम्हीच ठरवा. व्हीलचेअरसाठी केलेल्या खोल्यांचं दार बत्तीस इंचांच्या आसपास असतं आणि न्हाणी सपाट. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर थोड्याच असतात. बदलून मिळत असेल तर आजच बदला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक बंदराबद्दल पहिला प्रश्न असा असावा: जहाज धक्क्याला लागणार, की समुद्रात नांगर टाकणार? सहल कुठली, देऊळ कुठलं, बाजार कुठला, हे सगळं नंतर. धक्क्याला लागलं तर उतरायला शिडीवजा पूल असतो. भरती-ओहोटीनुसार त्याचा उतार कधी सौम्य असतो, कधी घरापुढच्या रॅम्पपेक्षा बराच खडा. खुर्ची उताराने नेताना पाठीमागे वळवून न्या, म्हणजे ढकलणाऱ्याची पाठ खालच्या बाजूला आणि बसलेल्याचं तोंड जहाजाकडे. यांना पुढे घसरण्याची भीती वाटणार नाही. खलाशी मदत करतात, पण हे उलटं वळवणं तुम्ही सांगायचं.

नांगर टाकला तर गोष्ट वेगळी. मग जहाजाच्या बाजूने एक लहान बोट लागते, तिला टेंडर म्हणतात, आणि माणसांना तिच्यातून किनाऱ्यावर नेतात. जहाज आणि टेंडर यांच्यामध्ये फट असते, आणि लाटेबरोबर टेंडर वर-खाली होतं. खुर्ची घडी करून वेगळी जाते, माणसाला एक-दोन पावलं स्वतः टाकावी लागतात. माझ्यासारखी, जिला उभंच राहता येत नाही, तिला बहुतेक कंपन्या टेंडरमध्ये घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. यांना कदाचित घेतील. शेवटचा निर्णय त्या सकाळी समुद्र बघून जहाजावरचे अधिकारी घेतात.

तुमच्या सफरीत पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे जॉर्जटाउन शहराच्या थेट काठाला लागतं. फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात. म्हणून पेनांगचा दिवस पक्का धरा आणि फुकेतचा कच्चा. जानेवारीत अंदमान समुद्राची ती बाजू शांत असते, मे ते ऑक्टोबर तिथे मोसमी लाटा असतात. तुमची वेळ चांगली आहे. पण "समुद्र बरा असला तरच" हे शब्द यांच्यासमोर आधीच उच्चारून ठेवा, म्हणजे त्या सकाळी कोणाचा हिरमोड होणार नाही.

टेंडरचा सराव नागपुरातच करा. फिजिओथेरपिस्टला सांगून आठ इंची स्टूल ठेवा. चढताना यांचा उजवा, म्हणजे चांगला पाय आधी, आणि उतरताना डावा पाय आधी. आधार देणारा डावीकडे उभा राहील. मग सुभाषनगरहून मेट्रोने बर्डीपर्यंत दोन-तीनदा जाऊन या. लिफ्ट, डब्याच्या दाराशी असलेली फट, गर्दीतून खुर्ची वळवणं, सगळ्याची सवय होईल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. खलाशी मदतीच्या भरात दोन्ही दंड धरून वर ओढतात. लकव्याच्या हाताचा खांदा सैल पडलेला असतो, ओढला की सांधा निसटू शकतो. माझ्या मैत्रिणीच्या यजमानांचं असंच झालं आणि पुढचे तीन महिने त्यांनी ते दुखणं काढलं. यांच्या डाव्या दंडाला ठळक केशरी फीत बांधा आणि प्रत्येक खलाशाला दाखवून सांगा, हा हात धरायचा नाही. धरायचं ते कमरेला. कमरेला धरण्यासाठी मुठी असलेला रुंद पट्टा मिळतो. धंतोलीत शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा.

पेनांगमध्ये मी काय करीन ते सांगते. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, एक मोठी गाडी घेऊन पेनांग हिलवर जाईन. टेकडी आठशे मीटरच्या वर आहे आणि उतारावर चढणारी रेल्वे तिथे १९२३ सालापासून आहे. २०११ मध्ये नवे डबे आले आणि आता खुर्चीसकट आत जाता येतं. वर हवा चार-पाच अंशांनी थंड. जानेवारीत आपल्याकडे स्वेटर निघालेले असतात आणि तिथे बत्तीस अंश आणि घामाघूम करणारा दमटपणा असतो, तेव्हा त्या चार अंशांची किंमत कळते. दुपारी खाली येऊन समुद्राकाठचा सपाट एस्प्लनेड आणि फोर्ट कॉर्नवालिसचा बाहेरचा परिसर बघीन, मग लिटल इंडियात जेवण. केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर सगळे सांगतात, पण तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत. ते मी सोडून देईन. जॉर्जटाउनच्या जुन्या गल्ल्या युनेस्कोच्या यादीत २००८ पासून आहेत आणि फार सुंदर आहेत, पण तिथल्या दुकानांपुढच्या ओसऱ्या एका घराची उंच, दुसऱ्याची खाली, अशा आहेत. खुर्ची रस्त्यावरूनच न्यावी लागते. समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी वस्त्या बघायच्या असतील तर फळ्यांच्या फटींवरून पुढची लहान चाकं उचलून, मोठ्या चाकांवर तोल घेऊन जा. पुढचं चाक फटीत अडकलं तर माणूस थेट पुढे पडतो.

सहल जहाजाची घ्यायची की स्वतःची गाडी ठरवायची? जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, स्वतःच्या गाडीला उशीर झाला तर थांबत नाही. बंदरापासून तासाभराच्या आत असेल तर मी स्वतःची गाडी घेते, कारण चाळीस माणसांच्या वेळापत्रकात खुर्चीवरचा माणूस नेहमी मागे राहतो आणि सगळे आपल्याकडे घड्याळ बघून बघतात. तासाच्या पुढे गेलं की जहाजाची सहल. पेनांगला गाडी घ्या. आणि फुकेतला घड्याळाकडे नीट लक्ष द्या. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाने वेळ बदलली का ते रोजच्या पत्रकात लिहिलेलं असतं. परत चढण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरायची, हॉटेलच्या किंवा मोबाइलच्या नव्हे.

सिंगापूरला मात्र एक दिवस जास्तीचा ठेवा, आधी किंवा नंतर. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, बसमध्ये रॅम्प उघडतो, आणि ड्रायव्हर स्वतः उतरून तो लावतो. गार्डन्स बाय द बेचे काचेचे घुमट मी कोणाच्याही मदतीशिवाय, एकटी, माझ्या हाताने चाकं ढकलत पाहिले. खुर्चीवर आल्यानंतर असं एकटीने हिंडणं मला पहिल्यांदा तिथे मिळालं.

राहिलं यांचं "मी बोटीवरच बसतो". ताई, मी हे वाक्य स्वतः कितीदा म्हटलं आहे. त्याचा अर्थ इच्छा नाही असा नसतो. चारचौघांत कोणीतरी पोत्यासारखं उचलेल, त्याची भीती असते. यांच्याशी वाद घालू नका. टेप आणि वही यांच्याच हातात द्या. आयुष्यभर घराचे व्यवहार केलेला माणूस आहे, मोजमाप यांनी करावं, फॉर्ममधले प्रश्न यांनी विचारावेत. कुठे कोण कसं धरणार हे यांना आधी कळलं आणि यांनीच ते ठरवलं, की उतरतील. आणि फुकेतला टेंडर जमलंच नाही तर मुलाला आणि सुनेला जरूर पाठवा. तुम्ही दोघं रिकाम्या जहाजाच्या वरच्या डेकवर बसा. दोन हजार माणसं उतरून गेल्यावर तिथे जी शांतता असते ती आमच्या वाट्याला अशीच येते.

प्रश्न: मी २९ वर्षांचा आहे, मिहानमध्ये नोकरी करतो. पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे पॉवर व्हीलचेअर (बॅटरीवर चालणारी) वापरतो, उभा राहू शकत नाही. मे महिन्यात भूमध्य समुद्राची क्रूझ करायची आहे: बार्सिलोना, रोमचं बंदर, नेपल्स, अथेन्स, सॅन्टोरिनी. मित्र म्हणतात सॅन्टोरिनी चुकवू नको. एजंट म्हणतो पॉवर खुर्ची नेऊच नका. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: मित्रांचं ऐकू नकोस, आणि एजंटचंही अर्धंच ऐक. सॅन्टोरिनीला जहाज नांगर टाकतं. पॉवर खुर्ची बहुतेक कंपन्या टेंडरमध्ये चढवू देत नाहीत. चढली असती तरी पुढे उभा कडा आहे, वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कारची लहान डबी, गाढवं किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. त्या दिवशी डेकवरून पांढरी गावं बघ. तिथून तो कडा पूर्ण दिसतो, खाली उतरलेल्यांना दिसत नाही.

आता जे होऊ शकतं ते. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर डिसेंबर २०२० पासून खडकाच्या उत्तर बाजूला नवी लिफ्ट आहे आणि वर सिमेंटच्या वाटा केल्या आहेत. त्या वाटांवरून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी बरीच टीका केली, मला तो वाद कळतो, पण वरच्या पार्थेनॉन मंदिरासमोर खुर्चीतला माणूस पोचला ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. जाण्याच्या दिवशी लिफ्ट चालू आहे ना, विचारून निघ; जोराचा वारा असेल तर बंद ठेवतात. अथेन्सच्या पिरेअस बंदरापर्यंत मेट्रोची तिसरी लाइनही २०२२ पासून येते. नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत २०१६ पासून तीन किलोमीटरहून लांब असा सपाट मार्ग आहे, त्याची सुरुवात अँफिथिएटरकडच्या दाराने होते. गाइडला हे दार नावाने सांग, नाहीतर तो नेहमीच्या दाराने नेईल आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी रस्त्यावर तुझी चाकं रुततील. रोम बंदरापासून ऐंशी किलोमीटर आहे, जायला-यायला तीन तास. हा एकच दिवस जहाजाच्या सहलीने कर, लिफ्टची बस आहे असं लेखी घेऊन. रोमच्या काळ्या दगडी फरसबंदीवर खुर्ची सतत थरथरते. तुला पायात आकडी येत असेल तर ती तिथे नक्की येईल, मांडीला पट्टा बांध. बार्सिलोनात बसगाड्यांना रॅम्प आहे आणि साग्रादा फामिलिया हे चर्च आतून खुर्चीने बघता येतं, मनोरे नाहीत.

बॅटरी. लिथियमची काढता येणारी बॅटरी असेल तर विमानात ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर कर: २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, बसली. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. बॅटरी काढून स्वतःबरोबर केबिनमध्ये न्यायची, खुर्ची खाली जाते. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळव, खुर्चीचं वजन, लांबी, रुंदी, बॅटरीचा कागद, सगळं एकाच ईमेलमध्ये. तो ईमेल छापून पिशवीत ठेव. विमानतळावर नवा कर्मचारी आला की कागद दाखवायचा, वाद घालायचा नाही. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, बघून घे. जहाजावर खुर्ची खोलीतच ठेवावी लागते, कॉरिडॉरमध्ये नाही, म्हणून खोली व्हीलचेअरचीच हवी.

एजंटचं अर्धं बरोबर आहे ते असं: पॉवर खुर्ची ने, पण घडीची साधी खुर्चीही बरोबर असू दे, दोन माणसं सोबत असतील तर. परदेशात मोटर बंद पडली तर दुरुस्तीला आठवडा जाईल. साध्या खुर्चीच्या मोठ्या चाकाचं टायर बहुधा २४ × १ ३/८ मापाचं असतं. एक ट्यूब आणि पंपही पिशवीत टाक.

प्रश्न: आईला (७४) गुडघ्यांमुळे दूर चालवत नाही, व्हीलचेअरवर नेतो. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशी बोट घ्यावी म्हणतो. नागपूरकरांना समुद्र म्हणजे नवलच. ठीक होईल ना? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: गोवा आणि कोची होईल. लक्षद्वीपचं मी नाही म्हणेन. बेटांभोवतीचं पाणी उथळ आहे, जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. मग पुढे वाळू. वाळूत साध्या खुर्चीची चाकं चार पावलांत रुततात. आईंचे गुडघे अशा उडीसाठी नाहीत.

कोचीला बोट विलिंग्डन बेटावर लागते. तिथे मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते, वॉटर मेट्रो. एप्रिल २०२३ पासून सुरू आहे. तिचे धक्के तरंगते आहेत, त्यामुळे भरती असो की ओहोटी, धक्का आणि बोट एका पातळीवर राहतात, आणि खुर्ची सरळ आत जाते. टेंडरमध्ये जी फट आम्हाला अडवते ती इथे बांधकामातच काढून टाकली आहे. आपल्या देशात हे झालं याचा मला फार आनंद आहे. फोर्ट कोचीला तिचं स्टेशन आहे. तिथे उतरून मासेमारीची चिनी जाळी बघा आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जा, जिथे १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं. गोव्यात बोट मुरगावला लागते. जुन्या गोव्याची चर्चेस बघायला गाडी करा आणि बीचचा मोह टाळा. आईंची टोपी आणि पाण्याची बाटली खुर्चीच्या मागे न टांगता मांडीवर ठेवा, मागे वजन झालं की चढावर हलकी खुर्ची उलटते.

प्रश्न: नाव, गाव छापू नका. मी ३४ वर्षांची आहे, मानेखाली दुखापत आहे. क्रूझचं बुकिंग आहे पण बंदरात उतरायची हिंमत होत नाही, कारण लघवीचं कसं करायचं तेच कळत नाही. सकाळपासून पाणी न पिता उतरावं का?

उत्तर: तुझं पत्र सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि तू लिहिलंस म्हणून मी तुझे आभार मानते. आम्हा सगळ्यांचा दिवस या एका गोष्टीभोवती आखलेला असतो, फक्त कोणी बोलत नाही.

पाणी बंद करू नकोस. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला दुखापत असली की अंगाला नीट घाम येत नाही, उन्हात शरीराचं तापमान झपाट्याने चढतं. नागपूरचा मे तू काढलेला आहेस, तुला माहीत आहे. त्यात पाणी कमी पडलं तर लघवीचा संसर्ग ठरलेला. आणि उलट बाजूला, मूत्राशय तुडुंब भरलं की तुझ्या पातळीच्या दुखापतीत रक्तदाब एकदम उसळतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला दरदरून घाम येतो. असं झालं तर ताठ बस, पाय खाली सोड, अंगावरचे पट्टे-कपडे सैल कर आणि ताबडतोब मूत्राशय रिकामं कर. तरी डोकं उतरलं नाही तर डॉक्टर लगेच. हे सोबतच्या माणसाला घरीच तोंडपाठ करून दे, आणि कागदावर इंग्रजीत लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेव.

आता आखणी. तू नळीने दर चार ते सहा तासांनी मोकळी होत असशील. तर जहाजातून निघण्याच्या आधी दहा मिनिटं मोकळी हो, आणि चार तासांच्या आत परत येता येईल एवढीच सहल घे. सकाळी आठला उतरून बाराला परत, जेवण जहाजावर, हवं तर तीनला पुन्हा खाली. जहाज धक्क्याला लागलं असेल तर तुझं स्वतःचं न्हाणीघर दोनशे मीटरवर उभं आहे. माझ्या चारही सफरींत मी हेच केलं. दिवसभराची सहल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांशी बोलून त्या दिवसापुरती आतच राहणारी नळी आणि पायाला बांधायची पिशवी लावता येते का ते विचार. ती मोठ्या घेराच्या सलवारीखाली दिसत नाही. ती महिनाभर आधी एकदा घरी लावून बघ, पहिला प्रयोग परदेशात नको.

पिशवीत नळ्या लागतील त्याच्या दुप्पट घे आणि अर्ध्या विमानात स्वतःजवळ ठेव. सामान हरवलं तर नळीचं तुझं माप परक्या बंदरात शोधत बसावं लागेल. डॉक्टरांचं पत्र, छोटा आरसा, ओले टिश्यू, एक जुनी ओढणी आडोशाला. गादी खुर्चीची स्वतःची ने आणि बसमध्येही तीच खाली घे. दर वीस मिनिटांनी सोबतच्या व्यक्तीने तुला पुढे वाकवून भार हलका करायचा, फोनवर गजर लाव. कुठल्या बंदरांना जाते आहेस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. मला कळव, नाव न लिहिता कळव, मी जहाज कुठे धक्क्याला लागतं आणि कुठे नांगर टाकतं ते बघून तुला वेगळं उत्तर पाठवते.